केतकीची दुपारची झोप

मी दाराला हात लावायच्या आत आईनंच दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "झोपलीय."

"कधीपासून?"

"तू शाळेत गेलीस, त्यानंतर थोड्या वेळानं जी झोपली ती अजून. मधे एकदा उठली नाही की कुरकुरली नाही. माझ्या हातची झोपत नाही म्हणत होता ना सगळे? बघ."

आईच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. लग्नात तिला जिलेबी पुरते की नाही याची काळजी होती. मी चपला काढल्या, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि आत जाऊन झोळीत डोकावले. केतकी खरंच झोपली होती. मूठ गालाखाली, तोंड किंचित उघडं. मला बरं वाटलं. केतकीपेक्षा आईसाठी जास्त.

त्याचं कारण सांगायला हवं. आम्ही तेव्हा अकोल्याच्या अलीकडे वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. प्रफुल्ल, म्हणजे माझा नवरा, तिथे इंजिनिअर. मी कॉलनीच्या शाळेत शिकवायची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून केतकी मिरजेत जन्मली आणि चौथा महिना लागल्यावर मी तिला घेऊन सासरी आले. पोचवायला आई आली. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत आईनं कसोशीनं पाळली होती. लग्नानंतर त्या घरात तिचं हे पहिलंच पाऊल. आणि नातीला बघायला दर्यापूरकडच्या गावाहून सासूबाईही आल्या होत्या. त्यांना प्रफुल्ल माय म्हणायचा, म्हणून मीही माय म्हणायचे.

दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दोन विहिणी, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पण भांडण असं कधी झालं नाही. दोघी एकमेकींना "तुम्ही बसा, मी करते" म्हणत दिवसभर उभ्या असायच्या. माझी शाळा सुरू झाली होती, प्रफुल्लची रात्रपाळी चालू होती आणि तो दिवसा झोपायचा. तेव्हा केतकीनं दुपारची नीट झोपणं ही सगळ्या घराची गरज होती. एकदा जेवताना प्रफुल्ल सहज बोलून गेला, "असं करू. जिच्या हातची ती झोपते, तिनं इथं राहावं. दुसरीनं आपल्या घरी आराम करावा."

इंजिनिअर माणूस. कुठल्या युनिटवर किती लोड टाकायचा एवढंच त्याला कळे. त्याला वाटलं, आपण सोय सांगतोय. त्यानं लावली होती शर्यत.

मायला गावी शेत होतं, धाकटा मुलगा होता, दारात म्हैस होती. तिला राहिलं काय, गेलं काय, सारखंच. आईचं तसं नव्हतं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मिरजेच्या घरात वहिनीच्या हाताखाली आईला काही कामच उरलं नव्हतं. तिनं मला कधी सांगितलं नाही, पण तिला इथे राहायचं होतं. कुणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं.

आणि केतकी झोपायची मायच्याच हातची.

माय काही करतानाच दिसायची नाही. ओट्यावर तूर निवडत बसायची, केतकी शेजारी गोधडीवर. मधेच उठायची, तिला उचलून झोळीत टाकायची, दोन हेलकावे द्यायची आणि परत येऊन सूप हातात घ्यायची. केतकी झोपलेली असायची.

आईचा थाट वेगळा. तेल लावून मालिश, ऊन पाण्यानं अंघोळ, ओवा आणि शेपेची धुरी, मग पायांवर घेऊन थोपटणं, मग खांद्यावर घेऊन फेऱ्या, मग गाणी. आईचं म्हणणं एकच, "दमली की झोपेल." म्हणून ती तिला खेळवायची, हसवायची, खुळखुळा वाजवायची. केतकी दमायची आणि दमली की पेटायची. टाहो फोडायची. आतल्या खोलीतून प्रफुल्ल डोळे चोळत बाहेर यायचा आणि सासूसमोर काही बोलता येत नाही म्हणून तांब्याभर पाणी पिऊन परत जायचा.

"माय, तुम्ही नक्की काय करता?" मी एकदा विचारलं होतं.

"काही नाही व. तिले झोप आली, म्या टाकलं."

ताकास तूर लागू द्यायची नाही, असं वाटायचं मला. आईला तर खात्रीच होती. "त्या गुटीत काहीतरी घालतात," ती मला मोरीपाशी गाठून म्हणाली होती. "उगाच का एवढं लहान बाळ दोन झोक्यांत झोपेल?"

बाळगुटी सकाळी मायच उगाळायची. हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, बदाम, खारीक, एकेकाचा सहाणेवर वळसा, आणि माझ्या दुधात कालवून चाटवायची. डबीत जायफळही होतं. पोट बिघडलं की त्याचा एखादा वळसा द्यायचा, सगळ्याच घरांत देत. जायफळानं बाळ झोपतं हेही सगळ्याच घरांना माहीत.

तर त्या दिवशी मी कपडे बदलले, हात धुतले आणि केतकीला दूध पाजायला उचललं. तिची मान मागे कलंडली. झोपेतल्या बाळाची कलंडते तशी नव्हे. मी तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. ओल्या फडक्यानं गाल पुसले. "केतू, ए केतू," म्हणून हलवलं. ती बारीक कण्हली आणि पुन्हा आत कुठेतरी बुडाली.

"आई, ही उठत नाहीये."

"अगं, गाढ झोपलीय. उठेल."

"नाही उठत. बघ तू."

आईनं तिला घेतलं. हाका मारल्या, टाळी वाजवली, कानाशी भांडं वाजवलं. आईचा चेहरा पांढरा पडत चालला होता. तेवढ्यात माय मागच्या अंगणातून वाळलेले कपडे घेऊन आत आली. आमच्याकडे बघून तिनं कपडे तसेच खाली टाकले, केतकीला हातात घेतलं आणि तिच्या तोंडाशी आपलं नाक नेलं. श्वास बघतेय असं मला वाटलं.

"दवाखान्यात चला," ती म्हणाली. "उठव त्याले."

प्रफुल्ल बनियनवरच स्कूटर काढून निघाला. मी मागे, केतकी माझ्या छातीशी. दवाखाना कॉलनीतच होता. पण तो रस्ता मला अजून लांब वाटतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी केतकीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तळव्याला चिमटा काढला, टाळू दाबून पाहिली.

"ताप होता?"

"नाही."

"पडली? झटका आला? उलटी?"

"नाही, काहीच नाही. दुपारभर झोपलीच होती."

"काही दिलंय का हिला? झोपेचं औषध, सर्दीचं औषध, अफू, जायफळ?"

"नाही हो," मी म्हणाले. "पण मी घरी नव्हते."

"मग घरी कोण होतं?"

तेवढ्यात त्या दोघी आल्याच. धावत आल्या होत्या. आईच्या पायात चपला नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही तेच विचारलं. आईनं पदर सारखा केला. मायनं आईकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला कुणाची चौकशी करायची नाहीये. काही दिलं असेल तर मी त्याप्रमाणे बघेन, इथेच. दिलं नसेल तर हा मेंदूज्वर असू शकतो. मग आत्ताच्या आत्ता अकोल्याला न्यावं लागेल, तिथे पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढतील. आणि रस्त्यात हिचा श्वास मंदावला तर गाडीत माझ्याकडे काही नाही. म्हणून विचारतेय. कुणी काही दिलंय?"

एवढ्याशा पाठीत सुई. मी आईकडे पाहिलं. "आई?"

आईचे ओठ हलले. "मी तर... मी तर नुसती झोपवली तिला."

नर्सनं गाडीसाठी फोन उचलला.

"म्या देलं," माय म्हणाली.

डॉक्टरीणबाई वळल्या. "काय दिलं?"

"जायफळ. गुटीत."

"किती?"

"मोजलं नाही. जास्त समजा. लई जास्त."

"कधी?"

"दुपारच्या आंदी. ही शाळेत गेल्यावर."

"दुसरं काही?"

"नाही. तेवढंच, बाई."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला फोन ठेवायला सांगितलं, केतकीला आत घेतलं आणि दार लावलं. आम्ही चौघं बाहेरच्या बाकापाशी उरलो.

प्रफुल्लला मी तोवर कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "माय, तू आजी आहेस का वैरीण? झोपावं म्हणून इख देशीन का लेकराले? अडाणी ते अडाणीच राह्यली जिंदगीभर! उद्या सकाळच्या गाडीनं गावाले जायचं. अन् माह्या पोरीले पुन्हा हात लावला, तर माह्या दारात पाय ठेवाचा नाही, सांगून ठेवतो."

येणारेजाणारे थांबून बघत होते. माय खाली मान घालून उभी होती.

मीही सोडलं नाही. "म्हणून तुमच्या हातची झोपायची ना ती!" मी म्हणाले. "रोज घालत होता तुम्ही. रोज!"

बाकावर आई पदर तोंडात कोंबून रडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशाला रडतेस? तुझी काय चूक आहे त्यात?" मी तिला म्हणाले.

केतकीला सलाइन लावलं, सारखं कुणीतरी तिच्याजवळ बसून होतं. उजाडायच्या सुमाराला तिनं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि भुकेनं असा काही गळा काढला की वॉर्डातली सगळी पोरं जागी झाली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी तिला छातीशी घेतलं आणि हमसाहमशी रडले.

आम्ही घरी आलो, तर मायची पिशवी भरून तयार होती. प्रफुल्ल तिच्याशी बोलत नव्हता, बाहेर स्कूटर चालू करून उभा होता. मी केतकीला घेऊन आतल्या खोलीत बसले होते. स्वयंपाकघरातून मायचा आवाज येत होता. ती आईशी बोलत होती.

"ऐका, विहीणबाई. ती कान ओढते, पाह्यलं का तुम्ही? कान ओढते, अन् आपल्याकडं पाहाचं सोडून भलतीकडंच पाहत बसते. तेव्हाच टाकाचं झोळीत. जांभईची बी वाट पाहाची नाही. रडाची त नाहीच नाही. दमलेलं लेकरू झोपत नसते, पिसाळते. खेळवून खेळवून दमवू नका तिले. अन् झोळीत टाकल्यावर मंग गाणं बी नको न बोलणं बी नको. खिडकीले लुगडं लावा एखादं, तिचं ती झोपते."

मला संताप आला. एवढं होऊन वर ही शहाणपण शिकवते! मी दारातून म्हणाले, "आता पुरे करा, माय. गाडी चुकेल."

"हो," माय म्हणाली. तिनं केतकीकडे लांबूनच पाहिलं. हात लावला नाही. पिशवी उचलून गेली.

ती गेल्यावर आईनं पहिलं काम केलं ते म्हणजे गुटीची सगळी डबी मागच्या नाल्यात रिकामी केली. आई वर्षभर राहिली. आणि नवल म्हणजे केतकी आता तिच्या हातची झोपायला लागली. सकाळची एकदा, दुपारची एकदा, घड्याळ लावल्यासारखी. धुरी नाही, गाणी नाही, खांद्यावरच्या फेऱ्या नाहीत. आई शेजारी बसून भाजी निवडायची, मधेच उठायची, केतकीला झोळीत टाकायची, की झालं. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, माझ्या आईच्या हाताला गुण आहे. प्रफुल्लही म्हणायचा, "आई आहेत म्हणून आपलं निभावतंय." आई त्यावर कधीच काही बोलायची नाही. मला वाटायचं, विनय.

मायशी प्रफुल्ल सात-आठ महिने बोलला नाही. केतकीच्या पहिल्या वाढदिवसाला मीच म्हटलं, बोलावू या, आजी आहे. माय आली, चांदीचा वाळा घेऊन आली, दोन दिवस राहिली. केतकीला तिनं आपणहून उचललं नाही. मी दिली तेव्हा घेतली.

वर्षं गेली तसं त्या प्रसंगाचं भय गेलं आणि गोष्ट उरली. घरात चार पाहुणे जमले, मुलांच्या खोड्या निघाल्या, की मी ती सांगायचे. मी बरी सांगते गोष्ट. प्रफुल्लचं बनियनवर स्कूटर मारणं, आईचं अनवाणी धावणं, आणि शेवटी मायचं "लई जास्त समजा." लोक पोट धरून हसायचे. माय समोर असली तर तीही हसायची.

प्रफुल्लच्या धाकट्या भावाला मुलगा झाला तेव्हा केतकी चौथीत होती. बारसं गावाकडे मायच्या घरी. आईलाही आग्रहाचं बोलावणं होतं, ती मिरजेहून आली होती. बाहेरची माणसं जेवून गेली आणि आम्ही घरचे तेवढे पंक्तीला बसलो होतो. धाकट्या जावेचं बाळ तिच्या मांडीवर किरकिरत होतं. ती बिचारी रात्रंदिवस जागून डोळ्यांखाली काळी झाली होती.

"वहिनी, हा दिवसा झोपतच नाही हो," ती मला म्हणाली. "मायला म्हणते, तुम्ही बघा जरा. गुटी वगैरे देऊन बघू का?"

"मायच्या हाती सहाण तेवढी देऊ नकोस बाई," मी म्हणाले. "झोपेल, पण उठवायला डॉक्टर लागेल!"

सगळे हसले. मायही हसली. मी पुढची गोष्ट सांगायला तोंड उघडलं.

आई ताटावरून उठली. खरकट्या हातानं तशीच उभी राहिली.

"ते जायफळ मी दिलं होतं," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. मी म्हणाले, "आई, काय बोलतेस?"

"मी दिलं होतं. तू शाळेत गेलीस, जावई झोपले होते, या मागे धुणं धूत होत्या. पोरगी रडायची थांबेना. मला वाटलं, या हेच घालत असणार, मग मी का नको? उगाळत गेले. भान राहिलं नाही." आईचा आवाज फुटला. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझी वाचाच गेली. यांनी आपल्या अंगावर घेतलं. यांनी कधी त्यातला कणसुद्धा दिला नव्हता. जाताना मला झोपवायचं शिकवून गेल्या, त्याच्यावर मी वर्ष काढलं तुझ्या घरी."

मी मायकडे पाहिलं. इतकी वर्षं मी मिटक्या मारत सांगितलेली ती गोष्ट मला आता गिळता येईना.

"तुम्हाला कसं कळलं होतं?" मी कसंबसं विचारलं.

"लेकराच्या तोंडाले वास होता व," माय म्हणाली. "म्या नाही देलं, तू घरी नोती, मंग राह्यलं कोण? अन् ती डॉक्टरीण लेकराले गाडीत घालून राह्यली होती. विहीणबाईच्या तोंडातून निघतच नोतं. कोणं तरी बोलाले पायजे होतं न."

"बसा, विहीणबाई," ती आईला म्हणाली. "भात निवून राह्यला."

आई बसली नाही. प्रफुल्लचा घास हातातच होता. तो खाली ठेवून तो म्हणाला, "माय, तेव्हा नाही त नाही. पण नंतर तरी सांगाचं होतं. मले तरी सांगाचं होतं."

"तुलेच त सांगाचं नोतं, बाबू."

"काहून?"

"तू त्या दिवशी मले दवाखान्यात काय काय बोलला, आठव. अडाणी म्हटलं, वैरीण म्हटलं, दारात पाय ठेवू नको म्हटलं. लोकं पाहून राह्यले होते. ते सारं तू तुह्या सासूले बोलला असता." मायनं भाताचं पातेलं जवळ ओढलं. "मायले बोललेलं माय दुसऱ्या दिवशी इसरते. सासूले बोललेलं बायको मरेपर्यंत इसरत नाही."

आणि तिनं आईचा हात धरून तिला आपल्या शेजारी खाली बसवलं.